रेडिंगचं घर: कॉम्बी की टाकीवाला बॉयलर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात कर्वेनगरहून इंग्लंडात रेडिंगला जायचंय, तुम्ही दोघं आणि मुलगा. नंतर आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येणार. भाड्याची दोन घरं व्हिडिओवर पाहिलीत. एकात एकच बाथरूम आणि नवा कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकी नसलेला, नळ सोडला की तेव्हाच पाणी तापवणारा. दुसरं जरा महाग, दोन बाथरूम आणि वरच्या मजल्यावर कपाटात गरम पाण्याची मोठी टाकी. तिथला मित्र म्हणतो, डोळे मिटून कॉम्बी घ्या.

मी रेडिंगलाच राहतो. सध्या सुट्टीला सिंहगड रोडला आईकडे आलोय, म्हणून निवांत लिहितो. मित्राचं म्हणणं त्याच्या घरापुरतं खरं असेल. बॉयलर नवा की जुना हे नंतर बघा. सकाळी सात ते आठ तुमच्या घरात किती नळ एकदम सुटणार, ते आधी मोजा.

आपल्याकडे गिझर फक्त आंघोळीचा. तिकडे एकच बॉयलर नळाला गरम पाणीही देतो आणि भिंतीवरच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवून घरही गरम ठेवतो. कॉम्बीत साठा काहीच नसतो. गरम नळ सोडला की तो रेडिएटरचं काम थांबवतो, सगळी आच नळाच्या पाण्याला देतो, नळ बंद केला की पुन्हा रेडिएटरकडे वळतो.

आता आकडे बघा. आपला तीन लिटरचा इन्स्टंट गिझर तीन किलोवॅटचा. पुण्यातलं पाणी वीस अंशांनी तापवायचं तर त्यातून मिनिटाला दोन लिटरची बारीक धार येते. कॉम्बी साधारण 24 किलोवॅटपासून पुढे. पण जानेवारीत तिकडे नळाला येणारं पाणी सहा-सात अंशांचं असतं, ते पस्तीस अंशांनी वर न्यावं लागतं. म्हणजे मिनिटाला दहा लिटरच्या आत-बाहेर. एका शॉवरला हे उत्तम. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, तीही विसण न घालता. मात्र आई स्वयंपाकघरात भांडी विसळत असतील आणि वर बाबांची आंघोळ चालू असेल, तर दहाचे दोघांत पाच-पाच होतात आणि वरून हाक येते, "अगं, नळ बंद कर!" बॉयलर 30-35 किलोवॅटचा असला तर जरा सुसह्य. पण रस्त्यावरच्या पाइपातूनच पाणी कमी दाबाने येत असेल, तर मोठा बॉयलरही काही करू शकत नाही.

तो दाब घर पाहतानाच कळतो. तिथे कोणी ओळखीचं जाणार असेल तर स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण सोडून एक लिटरची बाटली धरायला सांगा. सहा सेकंदांत भरली म्हणजे मिनिटाला दहा लिटर. दहा-बारा सेकंद लागले तर त्या घरात कॉम्बीचा नाद सोडा. एजंट विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

टाकीच्या घराचं गणित वेगळं. 180 लिटरची टाकी, आत साठ अंशांचं पाणी; त्यात थंड मिसळलं की आंघोळीचं अडीचशे लिटरच्या वर होतं. चार जण पाठोपाठ, किंवा दोन बाथरूममध्ये एकदम, आरामात आटोपतात. संपलं की थांबायचं. बॉयलर टाकी अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तापवतो. टाकीत विजेची कॉइलही असते, बॉयलर रुसला की ती कामी येते; पण तिला तीन-चार तास लागतात आणि तिकडे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. तेव्हा तिचं बटण चुकून चालू राहिलेलं नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

एक खोच आहे. टाकीची घरं दोन प्रकारची. एकात पाणी थेट मेन लाइनच्या दाबाने टाकीत येतं, शॉवर जोरात चालतो. जुन्या प्रकारात पोटमाळ्यावर थंड पाण्याची टाकी असते आणि तिथून पाणी नुसतं उंचीच्या जोरावर उतरतं. वाड्यात गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर जी मरतुकडी धार येते, तीच. एजंटला एवढंच विचारा: पोटमाळ्यावर पाण्याची टाकी आहे का? "हो" म्हणाला तर शॉवर चालू करून दाखवा म्हणावं.

तुमच्या दोन घरांत मी दुसरं घेईन, ते जुन्या प्रकारचं नसेल तर. तुम्ही तिघंच राहणार असता तर कॉम्बी म्हणालो असतो: बिल कमी, कपाट मोकळं. पण पाच माणसं, त्यातली दोन लवकर उठून लगेच आंघोळ करणारी, आणि बाथरूम एक? सहा महिने घड्याळ लावून जगावं लागेल.

गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, तशी भीती तुमच्या मनात दिसली. तिकडचे बॉयलर बंद पेटीचे असतात: हवा बाहेरून घेतात, धूर पाइपाने बाहेरच सोडतात. शिवाय घरमालकाला दरवर्षी गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची तिथली अधिकृत नोंदणी) यादीतल्या माणसाकडून तपासणी करून घ्यावीच लागते आणि त्याचं प्रमाणपत्र तुम्ही राहायला येण्याआधी द्यावं लागतं. मागून घ्या, तारीख बघा. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही 2022 पासून घरमालकावर बंधनकारक आहे.

रेडिंगचं पाणी जड, खडूच्या खडकातून येणारं. वाघोलीला बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल जशी पांढरी होते, तसा थर तिथे किटलीत महिन्याभरात दिसतो. कॉम्बीच्या आतल्या बारीक पाइपांना हे जास्त बाधतं. दुरुस्ती घरमालकाची, पण गारठ्यात थांबणार तुम्ही.

राहायला गेल्यावर बॉयलरखालच्या दाबाच्या काट्याशी ओळख करून घ्या. थंड असताना काटा एक ते दीड बारच्या मध्ये हवा. एकाच्या बराच खाली गेला की बॉयलर बंद पडतो. खाली जाळीदार वेष्टनाची छोटी नळी असते, तिचे दोन्ही कॉक हळू उघडायचे, काटा वर आला की दोन्ही घट्ट बंद. कॉक कुठले, ते चावी घेतानाच दाखवून घ्या. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून थांबला, तर बाहेरच्या भिंतीवरचा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप गोठलेला असू शकतो. त्यावर गरम पाणी ओता, उकळतं नको.

अनामत भरण्याआधी त्या पत्त्याचं एनर्जी सर्टिफिकेट, म्हणजे घर ऊर्जा किती नीट वापरतं त्याचा दाखला, सरकारी साइटवर फुकट बघून घ्या. ए ते जी श्रेणी असते, भाड्याचं घर किमान ई हवं. खाली घर कशाने गरम होतं तेही लिहिलेलं असतं. तिथे गॅसऐवजी विजेचे हीटर दिसले तर हे सगळं गणित बाजूला ठेवून मला आधी फोन करा.