व्हीमॅलॉक अपुरी पडतेय? मेमरी स्प्लिट बदलण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जुनं ३२ बिट एक्स८६ मशीन, रॅम १ जीबी, लिनक्स. व्हिडिओ कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर लोड होताना लॉगमध्ये ‘व्हीमॅप ॲलोकेशन फॉर साइझ ६७११२९६० फेल्ड’ अशी ओळ येते. कुणीतरी सांगितलं की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) मेमरी स्प्लिट, म्हणजे प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातली पत्त्यांची वाटणी, ३/१ चा २/२ करा आणि कर्नल नव्याने कंपाइल करा. ते करावं का?

आत्ताच नको. तुमचं काम बहुतेक बूटच्या ओळीत (कर्नल सुरू होताना त्याला दिलेल्या पर्यायांत) एक शब्द टाकून होईल. पण कारण समजून घ्या, कारण मी स्वतः हे न समजता स्प्लिट बदलून बसलो होतो.

आधी त्या आकड्याकडे बघू. ६७१०८८६४ बाइट म्हणजे बरोबर ६४ एमबी. ६७११२९६० मध्ये त्याहून ४०९६ जास्त आहेत, म्हणजे मेमरीचं एक पान, तिच्या वाटपाचा सगळ्यात लहान तुकडा. व्हीमॅलॉक म्हणजे कर्नल जिथून सलग पत्ते वाटतो ती जागा. तिच्या प्रत्येक तुकड्यानंतर कर्नल एक पान मुद्दाम रिकामं ठेवतो, म्हणजे कुणी आपली हद्द ओलांडली तर तिथल्या तिथे पकडला जावा. तेव्हा तुमच्या ड्रायव्हरला कार्डावरची ६४ एमबीची खिडकी सलग पत्त्यांवर मॅप करून हवी आहे आणि तेवढी सलग जागा मिळत नाहीये. इथे रॅमची कमतरता नाहीच. कार्डाची मेमरी कार्डावर आहे. कमी पडतायत ते पत्ते.

३२ बिटमध्ये पत्ते एकूण ४ जीबीचे. नेहमीच्या मांडणीत खालचे ३ जीबी चालू प्रोग्रॅमचे आणि वरचा १ जीबी कर्नलचा. हद्द शून्य-एक्स-सी आणि पुढे सात शून्ये या पत्त्यावर. सोर्समध्ये तिला पेज ऑफसेट म्हणतात. या १ जीबीत कर्नलला सगळंच बसवायचं असतं. सगळ्यात मोठा वाटा लोमेमचा: रॅमचं सरळ मॅपिंग, जिथे भौतिक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवला की कर्नलचा पत्ता मिळतो. तिच्या वर ८ एमबीची मोकळी पट्टी, मग व्हीमॅलॉक, आणि अगदी टोकाला हायमेमची (लोमेममध्ये न मावलेल्या रॅमची) पानं तात्पुरती मॅप करण्याची जागा आणि फिक्समॅप (आधीच ठरलेल्या पत्त्यांवरची मॅपिंग). व्हीमॅलॉकसाठी १२८ एमबी राखून ठेवलेले असतात. म्हणून पुस्तकांत लोमेमची मर्यादा ८९६ एमबी दिलेली असते. नव्या कर्नलच्या बूट लॉगमध्ये ‘८८७ एमबी लोमेम अव्हेलेबल’ दिसतं, कारण टोकाच्या जागेचे ८ एमबी तिथे आधीच वजा केलेले असतात. मोकळी पट्टीही त्या १२८ मधूनच जाते, म्हणून प्रॉकच्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरच्या) मेमइन्फो फाइलमध्ये व्हीमॅलॉक टोटल १२२८८० केबी, म्हणजे १२० एमबी दिसते.

या १२० एमबीत सगळे लोड केलेले मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग), प्रत्येक पीसीआय कार्डाचं मॅपिंग आणि फायरवॉलची टेबलं राहतात. ग्राफिक्स कार्डाने मधोमध ३२ एमबी धरले असतील, तर दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून ८० एमबी झाली तरी सलग ६४ मिळत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. माझ्या मशीनवर २ जीबी रॅम होती आणि एरर अगदी हाच. मी २/२ स्प्लिट लावला, रात्रभर कंपाइल केलं, सकाळी बूट केलं, आणि तीच ओळ तोच आकडा घेऊन परत आली. मेमइन्फोमध्ये व्हीमॅलॉक टोटल होती तेवढीच, १२२८८० केबी. बराच वेळ मला वाटत होतं की जुनाच कर्नल बूट झालाय. तो नवाच होता. झालं असं की कर्नलचा वाटा १ जीबीचा २ जीबी झाला, पण लोमेमने रॅम दिसेल तितकी पसरून घेतली, साधारण १९१२ एमबीपर्यंत, आणि व्हीमॅलॉकला पुन्हा तेच राखीव १२८ उरले. स्प्लिट बदलल्याने फक्त हद्द हलते. आतल्या जागेवर पहिला हक्क लोमेमचा, आणि राखीव सोडून जे उरेल तेच जास्तीचं व्हीमॅलॉकला मिळतं. जास्तीचं काही उरणार का, हे तुमच्या रॅमवर ठरतं. म्हणून कंपाइल करण्याआधी कागदावर वजाबाकी करा.

तुमच्या १ जीबीची वजाबाकी मी करून देतो. बूटच्या ओळीत ‘व्हीमॅलॉक=२५६एम’ दिलं (हा पॅरामीटर अर्थातच रोमन अक्षरांत, सगळा सलग), तर व्हीमॅलॉक सुमारे २४८ एमबी होईल, लोमेम ७६० च्या आसपास येईल आणि उरलेली रॅम हायमेममध्ये जाईल. त्यासाठी हायमेमचा पर्याय चालू असलेला कर्नल हवा, नाहीतर ती रॅम वापरातूनच जाईल. तुमच्या लॉगमध्ये ‘हायमेम अव्हेलेबल’ची ओळ आहे का ते बघा, असेल तर निश्चिंत राहा. कंपाइल नाही, मॉड्यूल बदलायचे नाहीत, आणि जमलं नाही तर पुढच्या बूटला तो शब्द काढून टाकायचा. सगळ्यात आधी हेच करा.

हायमेमच नको असेल, तर कॉन्फिगरेशनमध्ये ‘मेमरी स्प्लिट’ नावाचा मेनू आहे. तो एक्स्पर्टचा पर्याय चालू केल्याशिवाय दिसत नाही. बरेच जण इथेच अडकतात. त्यात ३/१ चाच एक सुधारलेला प्रकार आहे, ‘पूर्ण १ जीबी लोमेमसाठी’ असं वर्णन असलेला. हद्द सीच्या जागी बीवर येते, म्हणजे २.७५ जीबीवर. कर्नलचा वाटा १२८० एमबी. त्यात तुमची पूर्ण १०२४ एमबी रॅम लोमेम म्हणून बसते आणि व्हीमॅलॉकला सुमारे २४० उरतात. तुमच्या आकाराच्या मशीनसाठी हा पर्याय मला २/२ पेक्षा कितीतरी जास्त आवडतो, कारण प्रोग्रॅमच्या वाट्याचे फक्त २५६ एमबी जातात. २/२ केलंत तर व्हीमॅलॉकला जवळजवळ १ जीबी मिळेल, पण एवढी तुम्हाला कशालाच लागणार नाही.

मात्र एक अट आहे आणि ती हलक्यात घेऊ नका. हा बीवरचा पर्याय पीएई (३२ बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणारी सोय) बंद असेल तरच निवडता येतो. पीएईमध्ये पेज टेबलच्या (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) सगळ्यात वरच्या पातळीची एक नोंद पूर्ण १ जीबी व्यापते, त्यामुळे हद्द जीबीच्या खुणेवरच हवी. आणि ३२ बिटमध्ये पीएई बंद केलं की एनएक्स बिटही जातो, म्हणजे स्टॅक आणि डेटाच्या पानांवरून कोड चालू न देण्याचं हार्डवेअरचं संरक्षण संपतं. मशीन नेटवर्कला जोडलेलं असेल तर मी हा सौदा करणार नाही. तिथे पीएई ठेवून २/२ घेईन, नाहीतर बूट पॅरामीटरवरच थांबेन.

स्प्लिट बदलाच, तर कर्नलबाहेरचे सगळे मॉड्यूल नव्या सोर्सवर पुन्हा बांधा. पेज ऑफसेटचा आकडा कंपाइल होताना मॉड्यूलच्या आतच कोरला जातो. आवृत्तीची खूण जुळली की जुनं मॉड्यूल निमूट लोड होतं, कारण त्या खुणेत स्प्लिटचा उल्लेखच नसतो. मग भौतिक पत्ता काढताना नव्या हद्दीऐवजी जुनी वजा होते आणि बीवरच्या पर्यायात उत्तर २५६ एमबीने चुकतं. असा चुकीचा पत्ता डीएमएसाठी (कार्डाने थेट रॅममध्ये लिहिण्यासाठी) कार्डाला दिला गेला तर कार्ड भलतीकडेच लिहितं. हे तिथल्या तिथे कोसळलं तर नशीब समजा. बऱ्याचदा दोन दिवसांनी फाइलसिस्टम बिघडलेली सापडते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वाईट धोका हाच.

प्रोग्रॅमच्या बाजूने २/२ चा त्रास कमी जणांना होतो, पण होतो. मोठा सलग हीप मागणारं जावा, मोठ्या फाइल मॅप करणारे डेटाबेस आणि ठरावीक पत्ते धरून बसणारं वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं), यांतलं काही चालवत असाल तर आधी तपासून घ्या.

आणि प्रोसेसर खरंच फक्त ३२ बिट आहे ना, तेही एकदा बघा. प्रॉकमधल्या सीपीयूइन्फो फाइलच्या फ्लॅग्जमध्ये ‘एलएम’ दिसलं तर तो ६४ बिट चालवू शकतो. तिथे चार पातळ्यांच्या पेज टेबलवर सरळ मॅपिंगलाच ६४ टीबी पत्ते आहेत आणि व्हीमॅलॉकला ३२ टीबी, त्यामुळे स्प्लिटचा हा मेनूच शिल्लक राहत नाही. जुने ३२ बिट प्रोग्रॅमही त्या कर्नलवर चालतात, आणि त्यांना ३ ऐवजी जवळजवळ पूर्ण ४ जीबी पत्ते मिळतात. कार्डाचा ड्रायव्हर ६४ बिटवर बांधता येत असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

बूट पॅरामीटर टाकूनही तीच ओळ आली, तर रूट होऊन प्रॉकमधली व्हीमॅलॉकइन्फो फाइल उघडा. प्रत्येक ओळीत पत्त्यांची सुरुवात आणि शेवट, आकार, आणि ती जागा कोणत्या फंक्शनने घेतली ते असतं. सगळ्यात मोठ्या पाच ओळी आणि त्यांच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा इथे टाका, मेमइन्फोमधल्या लो, हाय आणि व्हीमॅलॉकच्या ओळींसकट. मग नेमकं कोण मधे बसलंय ते बघू.