लॉकडाउनमध्ये नवरा लहानपणची क्रिकेटची कार्डं जमवायला लागला, अजूनही थांबलेला नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला यात काय मिळतं?

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी कार्डं बेसबॉलची आहेत. पण तुमचे मिस्टर 2020 मध्ये जे करत होते तेच मीही करत होतो, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. माझ्यापुरतं सांगायचं तर, त्या दिवसांत शेवट कुठे आहे हे ठाऊक असलेली एक तरी गोष्ट हातात हवी होती. कार्डांच्या संचाला शेवट असतो.

आम्ही 1986 च्या उन्हाळ्यात डोंबिवलीहून इथे, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्स हा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या हंगामाची अंतिम मालिका, जिंकला आणि शाळेत दुसरा विषयच उरला नाही. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पुढच्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात टॉप्स कंपनीची नवी कार्डं आली. मेणकागदाचं पाकीट, आत सतरा कार्डं आणि च्युइंगमची एक कडक गुलाबी पट्टी. 1987 च्या त्या कार्डांची चौकट लाकडाच्या फळीसारखी होती, त्यामुळे ती आजही कुणीही लांबून ओळखतो. पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे बारीक अक्षरात त्याच्या कारकिर्दीचा वर्षवार तक्ता.

बेसबॉल मी त्या तक्त्यावरून शिकलो, आणि शिकवलं बाबांनी, ज्यांनी स्वतः एकही सामना पाहिलेला नव्हता. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं धावतं वर्णन ऐकत वहीत धावफलक लिहिणारा माणूस तो, आकड्यांचा कागद समोर आला की त्यांना राहवायचं नाही. मी एकदा न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघातल्या, यांकीजच्या डॉन मॅटिंग्लीचं कार्ड, 500 नंबरचं, त्यांच्यासमोर ठेवलं. 1986 च्या ओळीत 677 वेळा फलंदाजी, 238 हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे धावण्याचा टप्पा, गाठणं), 31 होमरन (साधारण आपल्या षटकारासारखा फटका), आणि सरासरी .352. क्रिकेटची सरासरी म्हणजे बाद होण्यामागे किती धावा, मग ही दशांश चिन्हाने सुरू होणारी सरासरी कसली? बाबांनी 238 ला 677 ने भागलं, उत्तर जुळलं, आणि म्हणाले, "अरे, हा तीनदा मारायला गेला तर एकदा बेसवर पोचतो. आणि तेवढ्यावर हे लोक त्याला डोक्यावर घेतात, म्हणजे खेळ अवघड असणार." नंतर कुठल्याही प्रशिक्षकाने मला बेसबॉल याहून चांगला समजावला नाही.

आता 2020. 11 मार्चला एनबीएने बास्केटबॉलचा हंगाम थांबवला. बेसबॉल 26 मार्चला सुरू व्हायचा होता, तो तेव्हा सुरू झालाच नाही. त्याआधी 21 तारखेपासून आमच्या राज्यात घरातच राहायचा आदेश निघाला होता. बाबा दादाकडे, गाडीने अर्ध्या तासावर. पण त्यांचं वय पाहता आम्ही जाणं बंद केलं. तळघर आवरताना बुटांच्या खोक्यात ती 1987 ची कार्डं निघाली. बरीच होती, पण संच अपुरा होता. तेव्हाही तो कधी पूर्ण झाला नव्हता.

त्या संचात 792 कार्डं आहेत. हा आकडा मनात आला म्हणून ठरवलेला नाही: टॉप्सच्या छपाईच्या एका मोठ्या कागदावर 132 कार्डं बसायची आणि असे सहा कागद, म्हणून 792. जमवणारे लोक ती प्लास्टिकच्या नऊ कप्प्यांच्या पानांत लावतात. 792 ला नऊने भागलं की बरोबर 88 पानं होतात, एकही कप्पा रिकामा राहत नाही. मी नंबरवार लावायला बसलो आणि कुठे कुठे भगदाडं आहेत ते दिसलं.

त्या वसंतात शाळा कधी उघडेल, विमानं कधी सुरू होतील, डोंबिवलीच्या मावशीला पुन्हा भेटता येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पण कोणते नंबर नाहीत याची यादी माझ्या टेबलावर होती आणि ती रोज थोडी लहान होत होती. ज्याला त्या काळात घरात बसून बातम्या ऐकाव्या लागल्या त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

शिवाय यात माणसं होती. कार्डांची अदलाबदल इथे टपालाने चालते: मला नको असलेले चार नंबर तुम्हाला, तुमच्याकडचे जास्तीचे चार मला, साध्या पाकिटात घालून तिकीट लावायचं. आलेलं पाकीट आम्ही एक दिवस ओसरीवर तसंच ठेवायचो, कारण तेव्हा वस्तूंना हात लावायचीही भीती होती. ओहायोतल्या, टेक्ससमधल्या, कधीही न भेटलेल्या लोकांनी मागितल्यापेक्षा दोन कार्डं जास्त घातलेली असायची आणि सोबत चिठ्ठी असायची: तब्येत सांभाळा. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, "आज कोण आला?" मी मागचा तक्ता वाचून दाखवायचो आणि ते तिकडे सरासरी काढून पडताळायचे. तब्येत, ताप, कुणाच्या घरी काय झालं, हे सगळं आम्ही त्या आकड्यांच्या अधेमधे बोलून घ्यायचो. नुसतं "कसे आहात?" विचारलं असतं तर बाबा "बरा आहे" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले असते.

याच काळात कार्डांचा बाजार मात्र भडकला, आणि तुमची काळजी बहुधा त्यातून आली असावी. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं 1986 च्या हंगामातलं फ्लीअर कंपनीचं कार्ड, सर्वोत्तम दर्जाचा शिक्का असलेलं, जानेवारी 2021 मध्ये 7,38,000 डॉलरला गेलं. पुढच्या काही महिन्यांत त्याच कार्डाचा भाव बराच खाली आला. कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्च 2021 अखेरीस त्यांनी बहुतेक नवी कार्डं घेणंच थांबवलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनच्या ब्रुकफील्डमध्ये टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीच्या दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं, आणि टार्गेटने दुकानांतून खेळांची कार्डं विकणं काही काळ बंद केलं. या व्यवहाराला मी जमवणं म्हणत नाही, तो सट्टा आहे.

माझ्या 1987 च्या कार्डांना जवळजवळ काहीच किंमत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोठ्या माणसांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी भरून ठेवली, कंपन्यांनीही वाट्टेल तेवढी छापली, आणि नव्वदीत भाव कोसळले. इथे त्या काळाला 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदी पाकिटांतला कचरा, म्हणतात. मला हे फार बरं वाटतं. पुढे बेसबॉलमधला मोठा फलंदाज ठरलेल्या बॅरी बाँड्सचं सुरुवातीचं कार्डही माझी मुलगी न घाबरता हातात घेऊन पाहू शकते.

तुमच्या मिस्टरांकडे यादी आहे का ते बघा. ठरावीक संच, ठरावीक नंबर, त्यावर खुणा करत चाललेत, तर त्यांना निवांत जमवू द्या. ते अजून थांबले नाहीत याचं कारणही कदाचित साधं असेल. आपल्याकडची नव्वदीतली ट्रम्प कार्डं खेळायची होती: सामने, धावा, शतकं, झेल यातला एक आकडा पुकारायचा आणि ज्याचा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. हाताळून हाताळून ती फाटली, मे महिन्याच्या सुटीत मामाच्या गावी राहून गेली. शाबूत संच मिळायला वेळ लागतोच.

मात्र आत काय आहे ते न कळणारी बंद पाकिटं ते पुन्हा पुन्हा घेत असतील, किंवा ऑनलाइन 'ब्रेक'मध्ये पैसे लावत असतील, तर महिन्याच्या खर्चाबद्दल स्पष्ट बोला. ब्रेकमध्ये आधी पैसे भरून एखादा संघ किंवा नंबर आपल्या नावावर करायचा आणि मग विकणारा कॅमेऱ्यासमोर खोकं फोडतो. त्यात लॉटरीचीच ओढ असते आणि तिथे यादी कधी संपत नाही.

यादीवालं जमवणं असेल तर त्यांना एकदा विचारा, कोणता नंबर राहिलाय. आणि तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्याआधी ती कार्डं झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. गठ्ठ्याला रबरबँड लावू नका, कडेला खाच पडते.