लाकडी चेहरा हसतो कसा?

प्रश्न : जपानच्या नो नाटकात मुख्य नट लाकडी मुखवटा घालतो. मग चेहऱ्यावरचे भाव दिसणार कसे?

उत्तर : मानेच्या जराशा हालचालीतून. तरुणीचा मुखवटा नीट पाहा. ओठ किंचित विलग, धड हसरे नाहीत की रडवे नाहीत. कोरणाऱ्याने तो मुद्दाम असा अधांतरी ठेवलेला असतो. नटाने चेहरा थोडा वर केला की गालांवर उजेड पडतो आणि हसू फुटल्याचा भास होतो. याला ‘तेरासु’ म्हणतात, म्हणजे उजळणं. खाली झुकवला की डोळ्यांत सावली उतरते. ते ‘कुमोरासु’, आपल्या भाषेत झाकोळणं. इतका चपखल शब्द आपल्याकडे तयारच आहे, याचा मला फार आनंद वाटतो. रडायचं असेल तर नट हात सावकाश डोळ्यांसमोर आणतो, बस्स.

मुखवट्याची डोळ्यांची भोकं मात्र इतकी बारीक असतात की नटाला जेमतेम समोरचं दिसतं. म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यातला खांब त्याचा आधार. त्याच्यावरून तो आपली जागा ताडतो. प्रेक्षकाला तो खांब आड येतो, पण काढून टाकला तर नट चाचपडेल.

प्रश्न : जपानच्याच काबुकी नाटकात काळ्या कपड्यांतली माणसं मधेच वस्तू देऊन-घेऊन जातात. ती पात्रं असतात का?

उत्तर : नाही, ते ‘कुरोको’, रंगमंचावरचे मदतनीस. काळा म्हणजे ‘इथे कुणी नाही’ असा संकेत. बर्फाच्या प्रसंगात हेच लोक पांढरे कपडे घालतात, समुद्राच्या प्रसंगात निळे. बुनराकु बाहुलीनाट्यात एक मोठी बाहुली तिघं मिळून चालवतात. त्यातला डोकं आणि उजवा हात सांभाळणारा मुख्य कलाकार अनेकदा चेहरा न झाकताच उभा असतो, तरी थोड्या वेळाने आपली नजर बाहुलीवरून हलत नाही. अनुभव घेऊनच पाहा.

प्रश्न : रंगमंचाच्या मागच्या भागाला ‘अपस्टेज’ का म्हणतात? जमीन तर सपाट असते.

उत्तर : आता असते. पूर्वी युरोपातले अनेक रंगमंच मागे चढते आणि प्रेक्षकांकडे उतरते असत. मागे जाणं म्हणजे खरोखर वर चढणं. उतार गेला, शब्द राहिला. एखादा नट मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. दुसऱ्या नटावरचं प्रेक्षकांचं लक्ष पळवण्याला ‘अपस्टेज करणं’ म्हणतात, ते यावरूनच. तालमीत हे नकळतही घडतं. तेव्हा आधी जागा तपासा, मग संवाद.