व्हेंटिलेटर नको, हे कोणत्या कागदावर लिहायचं?

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही), फिट्स, दृष्टी नाही, जेवण पोटातल्या नळीने. न्यूमोनियाने वर्षात तीनदा आयसीयू, दोनदा व्हेंटिलेटर. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. त्याच्या वतीने आम्ही लिव्हिंग विल (पुढे कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) करू शकतो का? – एक आई, भांडुप

उत्तर : नाही. लिव्हिंग विल सज्ञान, निर्णयक्षम माणसालाच, तेही स्वतःपुरतं करता येतं. नोटरीचा खर्च वाचवा. वाट वेगळी आहे. जीव टिकवणारे उपचार थांबवण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मधली त्याची दुरुस्ती यांनुसार, आजार बरा होण्याची आशा नसेल तर रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ (उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ) मत देतं. तुमची लेखी संमती घेतात. मग दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं असतं. अंमल करण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालय.

मंडळासमोर अपंगत्व हे कारण चालत नाही, चालूही नये. प्रश्न एवढाच, की या फुप्फुसांना व्हेंटिलेटरने काही साधणार आहे का.

गोची होते ती रात्री दोनला. कॅज्युअल्टीतल्या नवख्या डॉक्टरला मुलाची फाइल माहीत नसते. तो श्वासाची नळी घालणारच, त्याची चूक नाही. म्हणून आत्ताच बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर लिहून घ्या : निदान, आयसीयूच्या तारखा, फिट्सच्या औषधांचे डोस, काय करायचं, काय नाही, फोन कोणाला. एक प्रत पिशवीत, एक घरी, एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये. हा कागद कायद्याने बांधील नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत तोच बोलतो.

व्हेंटिलेटर नाही म्हणजे उपचार बंद नव्हेत. फिट्सचं औषध अचानक तोडू नका. पोटातल्या नळीतून औषध जाईनासं झालं तर फिट थांबवणारा, नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे घरी असावा. धाप लागली की वजनानुसार मॉर्फिन. सोबत बद्धकोष्ठावरचं औषध, नाहीतर पोट फुगून तेच जास्त छळतं. घशातल्या घरघरीला कुशीवर झोपवा, सक्शन (यंत्राने कफ ओढणं) खोलवर नको. फीड उलटत असेल तर कमी करायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

मृत्यू घरी व्हावा असं ठरलं तर ४-अ फॉर्म (मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला) कोण देणार, हे आधीच विचारा. शेवटच्या आजारात तपासणारा डॉक्टर हवा; तो नसला की स्मशानात अडवतात आणि पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

आणि तो १८ चा झाला तर तुमचं नैसर्गिक पालकत्व संपतं. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. भांडुपसाठी अर्ज वांद्रे पूर्वच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात.