बेडसाइड कॉट घेण्याआधी स्वतःचा पलंग मोजा

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये बाळ येणार आहे, घर वन बीएचके, बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडलं तर जेमतेम अडीच फूट जागा उरते. अशात पलंगाला चिकटणारी बेडसाइड कॉट घ्यावी का आणि सुरक्षित कोणती? शिवाय सासूबाई 'पाळणाच घ्या' म्हणतायत.

आमचं घर भांडुपला, तेवढंच. लेक आता तीन वर्षांची आहे. कॉट आम्ही घेतली, वापरली आणि त्यात एक मोठा गाढवपणाही केला. आधी तो सांगते, कारण तुमच्याकडेही तोच होण्याची दाट शक्यता आहे.

सातव्या महिन्यात ऑनलाइन कॉट मागवली, साडेअकरा हजारांची. खोका आला, पण बाळाच्या आधी बाळाचं सामान उघडायचं नाही असं घरात ठरलेलं, म्हणून तो तसाच दिवाणाखाली सरकवला. बाळंतपणाला मी माहेरी डोंबिवलीला. सव्वा महिन्याने परत आले त्या रात्री नवऱ्याने खोका उघडला, पाय जोडले, कॉट पलंगाजवळ नेली आणि ती अडली. त्या कॉटचे खालचे पाय पलंगाच्या आत सरकायला हवेत, तरच वरची चौकट आपल्या गादीला टेकते. आमचा पलंग स्टोरेजचा, हायड्रॉलिकवाला, खालून थेट फरशीला टेकलेला. पाय जाणार कुठे? कॉट आणि गादी यांच्यामध्ये अकरा सेंटिमीटरची फट राहिली. परत द्यायची मुदत केव्हाच संपली होती आणि विकणाऱ्याने तेवढंच एक वाक्य तीनदा ऐकवलं.

मुंबईत जागेपायी कितीतरी घरांत असलेच पलंग दिसतात आणि बाजारातल्या बऱ्याचशा बेडसाइड कॉट पाय असलेल्या पलंगासाठी बनवलेल्या असतात. म्हणून कॉटचे फोटो बघण्याआधी टेप घ्या आणि पलंगापाशी खाली बसा. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची मोजा. गादी दाबून मोजा, कारण तुम्ही झोपल्यावर ती खचणार. पलंगाखाली किती मोकळी उंची आहे ते बघा. गादीच्या बाहेर लाकडाची किनार येते का, तेही बघा. आमच्या पलंगाची पट्टी दोन इंच बाहेर होती. पाय आत गेले असते तरी तेवढी फट राहिलीच असती. शेवटी कपाटाचं दार पूर्ण उघडून त्याचं टोक फरशीवर खडूने आखा. हे आम्ही केलं नव्हतं. पुढचे चार महिने माझे सगळे ड्रेस नवऱ्याच्या कप्प्यात होते.

त्या फटीचं काय केलं, तर पहिल्या रात्री नवऱ्याने एक सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून मध्ये कोंबली. दिसायला अगदी पक्कं. दुसऱ्या दिवशी लशीला गेलो तेव्हा सहज बोलता बोलता डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'फटीपेक्षा ती चादर वाईट. ती रात्री सरकणार, बाळ तिथे घसरणार आणि त्याचं तोंड नेमकं त्या कापडात जाणार.' एवढंसं बाळ मान वळवून श्वासाची वाट मोकळी करू शकत नाही. घरी येऊन आम्ही कॉटची चौथी बाजू वर केली, चेन लावली आणि पलंगापासून हातभर अंतरावर चारही बाजू बंद असलेली छोटी कॉट म्हणून ती वापरली. शेवटपर्यंत तशीच.

या सगळ्यातून मला जे कळलं ते असं: 'बेडसाइड' ही आईची सोय आहे, बाळाची सुरक्षितता नव्हे. बाळाला सुरक्षित ठेवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. सपाट, टणक आणि मोकळी जागा, पाठीवर झोपवणं आणि आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र जागेवर. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना हेच करायला सांगते, त्यातलं एका खोलीत झोपणं निदान पहिले सहा महिने. झोपेत बाळ अचानक दगावण्याचे बहुतेक प्रकार याच सहा महिन्यांत घडतात, त्यातही पहिल्या ते चौथ्या महिन्यात जास्त. हे सगळं कॉट पलंगाला न चिकटवताही जमतं. चिकटवण्याचा फायदा एवढाच की रात्री उठून उभं राहावं लागत नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर तो फायदा मोठा आहे, हे मी स्वतः कळवळत शिकले आहे. पण तो फट नसेल तरच घ्यायचा.

तुमचा पलंग पायांचा असेल तर खुशाल घ्या. मग बघायचं ते असं. कॉटची खाली येणारी बाजू बाळाच्या गादीच्या वर थोडी तरी उरली पाहिजे, पूर्ण सपाट होता कामा नये. युरोपच्या मानकात (ईएन 1130, 2019 चं) ही उंची किमान 12 सेंटिमीटर आहे. आपली मोठी गादी त्या कडेच्या पातळीत यावी. ती वर असेल तर आपलं पांघरूण आणि उशी कॉटमध्ये ओघळते, आणि खूप खाली असेल तर कॉट ओलांडून बाळ आपल्याकडे पडतं. कॉटसोबत पट्टे येतात, ते पलंगाच्या चौकटीला पलीकडच्या बाजूने आवळायचे. चाकांना ब्रेक आहे म्हणून पट्टे सोडू नका. आणि रोज झोपताना कॉट हलवून बघा. केर काढणाऱ्या मावशी ती सरकवतात आणि पट्टे ढिले होतात. जाळीच्या बाजू असतील तर वारा खेळतो. लाकडी गज असतील तर दोन गजांतली फट सहा सेंटिमीटरच्या वर नको.

गादीबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण घराघरांत भांडण याच्यावरून होतं. कॉटसोबत आलेली गादी पातळ असते, आमची तर बोटाच्या दोन पेरांएवढीही नव्हती. सासूबाईंनी ती हातात धरून वाकवली आणि म्हणाल्या, 'अगं, ही काय गादी? हाडं टोचतील लेकराला.' दुसऱ्या दिवशी कापूस पिंजून, फुलाफुलांच्या खोळीची गुबगुबीत गादी हजर. प्रेमाने शिवून आणलेली वस्तू, नको म्हणायला जीभ वळेना. मग मी त्यांच्यासमोर ती कॉटमध्ये घातली आणि कडेला हात लावून दाखवला. आधी कड माझ्या मनगटापर्यंत येत होती, आता जेमतेम बोटांपर्यंत. बाजूला चारी बोटं आत जातील एवढी फटही दिसत होती. मग गादीवर तळहात दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला. 'अहो आई, तोंड पालथं पडलं तर या खळग्यात जाईल,' म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती गादी दुपारच्या मालिशीला खाली अंथरायला गेली आणि वर्षभर तिथे मस्त वापरली. सांगायचं एवढंच की कंपनीने दिलेल्या गादीवर दुसरी घालू नका. ती पातळ आणि टणक मुद्दाम केलेली असते.

तेच मोहरीच्या उशीचं. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात. जागेपणी पोटावर खेळवलं आणि झोपवताना डोक्याची दिशा बदलत राहिलं तर तिची गरज पडत नाही. कॉटच्या आतून बांधायच्या मऊ पट्ट्या, ज्यांना दुकानदार 'बंपर' म्हणतात, त्याही घेऊ नका. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने त्यांच्यावर आणि 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या, बाळाला झोपवायच्या साधनांवर बंदी आहे. आपल्याकडे मात्र कॉट, बंपर, उशी, लोड असा अख्खा सेट भेट म्हणून येतो. फोटो काढा, धन्यवाद म्हणा, कॉट रिकामी ठेवा.

'उताणं झोपवलं तर दूध नाकात जाईल' हे तुम्हाला नक्की ऐकावं लागेल. उलट आहे. बाळ पाठीवर असताना श्वासनळी अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनळीत जायला त्याला चढून जावं लागतं. पालथं असताना ते सहज उतरतं. हे मी कागदावर दोन नळ्या काढून आईला समजावलं होतं. माझ्या आईला, सासूबाईंना तोवर पटलं होतं.

आता पाळणा. बारशाला पाळणा हवाच, तो भाड्याने आणा, फुलं लावा, हौस करा. साडीची झोळी आम्हीही माहेरी बांधली होती आणि तिच्यासारखं पटकन कशात झोपत नाही हे खरंच आहे. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासाची वाट तिथेच दबते. समोर कुणी जागं बसलेलं असताना दुपारी थोडा वेळ, आणि झोप लागली की उचलून सपाट जागी. रात्रभर नाही. आम्ही इतकंच केलं.

आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतंच, तुम्हीही झोपवाल. कुणी खोटं बोलू नये. पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर निदान सोफ्यावर बसून पाजू नका. सोफ्याच्या कोपऱ्यात बाळ अडकण्याचा धोका पलंगापेक्षा जास्त असतो. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा झोप आणणारी औषधं चालू असतील तर एका पलंगावर झोपवूच नका.

ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, म्हणून चार गोष्टी. मच्छरदाणी कॉटवर ताणून बसणारी घ्या, छतावरून सैल लोंबणारी नको; ती वाऱ्याने आत पडते. कॉइल बंद खोलीत लावू नका. चादरी पाच-सहा लागतील, कारण दोरीवर चार दिवस वाळत नाहीत; त्या गादीच्या मापाच्या, इलॅस्टिकच्या हव्यात. आणि गादी आठवड्यातून एकदा उभी करून पंख्याखाली ठेवा, नाहीतर खालून बुरशी धरते. आमच्या गादीला काळे ठिपके आले ते आम्हाला तिसऱ्या आठवड्यात दिसले.

सुताराकडून पलंगात बदल करून घेण्याचा विचार असेल तर मी तरी नको म्हणेन. आमच्या सुतारकाकांनी पलंगाचा खालचा भाग कापून पायांना जागा करून देतो म्हटलं होतं, पण त्यावरच हायड्रॉलिकचा भार होता. जुनी कॉट कुणी देत असेल तर चालेल, पण सगळे नटबोल्ट, पट्टे आणि मूळ गादी असेल तरच. एक बाजू वर-खाली सरकणारी जुनी लाकडी कॉट घेऊ नका. ती बाजू निसटून मुलं अडकायची, म्हणून अमेरिकेत 2011 मध्ये तशा कॉटच बंद केल्या.

म्हणजे तुमचा पलंग स्टोरेजचा असेल तर बेडसाइड विसरा आणि चार बाजूंची छोटी कॉट घ्या, चाकांची, म्हणजे दिवसा हॉलमध्ये नेता येईल. दारातून जाते का तेही मोजा. खरेदी बाळाआधी करायची नसेल तर मापं तरी आत्ता काढून ठेवा, आणि खोका घरी आला की त्याच दिवशी उघडा. आमच्यासारखं शास्त्र पाळत बसू नका.

वापर फार दिवसांचा नसतो. माहितीपत्रकात वजनाची मर्यादा असते, बहुतेक 9 किलोच्या आसपास, पण त्याआधीच बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागतं आणि त्या दिवशी कॉट बंद करायची. आमची पाचव्या महिन्यात बंद झाली. आता ती माळ्यावर आहे. पट्टे, नटबोल्ट आणि माहितीपत्रक एका दुधाच्या पिशवीत घालून कॉटच्याच पायाला बांधून ठेवलंय, चुलत जावेला डिसेंबरमध्ये लागणार आहे. तिच्या पलंगाला पाय आहेत, मी विचारून घेतलं.