आयकॉन ‘काढला’ की ‘लिहिला’?

फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे: ‘प्रदर्शनातल्या माहितीफलकावर मी “रुब्लेव्हने हा आयकॉन लिहिला” असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी “लिहिला” खोडून “काढला” केलं. बरोबर काय?’ (आयकॉन म्हणजे ख्रिस्ती परंपरेतलं पूज्य चित्र, आणि रुब्लेव्ह हा ती चितारणारा रशियन चित्रकार.)

तुझं ‘लिहिला’ राहू दे. ग्रीक ‘ग्राफेइन’ आणि रशियन ‘पिसात्’ या दोन्ही क्रियापदांत लिहिणं आणि चितारणं एकत्र नांदतं, पण म्हणून तो प्रयोग मराठीत उसना ठरत नाही. ‘लिख्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थच रेघ ओढणं, कोरणं. उषेच्या स्वप्नातला अनिरुद्ध चित्रांतून शोधून देणारी सखी ती चित्रलेखा. थक्क झालेला माणूस आजही ‘चित्रलिखित’ उभा राहतो. आणि वडोदऱ्यात बसून इतकं लांब तरी कशाला जायचं? छोटाउदेपूरकडचे राठवा आदिवासी घराच्या भिंतीवर पिठोरा हे पूजेचं चित्र ‘लिहितात’, लिहिणारा तो ‘लखारा’, आणि लिहून झाला की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, तो वाचतो.

आयकॉनचंही तसंच, तो वाचायचा असतो. 787 साली निकाया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की क्रूस आणि शुभवर्तमानाचं पुस्तक यांना जसा धूप-दीप, तसाच आयकॉनलाही. आराधना मात्र फक्त देवाची. म्हणजे चित्राला ग्रंथाच्या पंगतीला बसवलं.

रुब्लेव्हचा ‘त्रैक्य’ (15 व्या शतकाचा आरंभ) समोर ठेवून बघ. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात. रुब्लेव्हने अब्राहाम आणि त्याची बायको सारा दोघांनाही वगळलं. उरले मेजाभोवतीचे तीन देवदूत. चेहरे जवळजवळ एकच, वस्त्रं निरनिराळी, पण निळा रंग तिघांच्याही अंगावर. ‘तत्त्व एक, व्यक्ती तीन’ हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं. तो निळा तिघांवर फिरताना पाहिला तेव्हा कुठे ते मनात उतरलं. मधला आणि उजवा डावीकडच्याकडे मान झुकवून आहेत. मेजावर एकच पात्र. आणि मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी, तिथे कुणी बसलेलं नाही.

हे सगळं ‘काढला’त मावत नाही असं मला वाटतं. रुब्लेव्हच्या नावापुढे मात्र ‘चित्रकार’च ठेव, ‘लेखक’ म्हटलंस तर वाचणारा पुस्तक शोधायला जाईल.