स्टायलिश इंडी क्राइम फिल्म डिस्कवर घेऊन पाहण्यात काय गंमत आहे?

प्रश्नाचा गाभा असा: इंडी, म्हणजे मोठ्या स्टुडिओबाहेर कमी बजेटमध्ये बनलेल्या, झोकदार क्राइम फिल्म्सचे ब्लू-रे लोक हौसेने जमवतात. गोष्ट तीच, नट बहुतेक अनोळखी, आणि सिनेमा स्ट्रीमिंगवरही सापडतो. मग डिस्कमध्ये वेगळं काय मिळतं? आणि घ्यायचीच झाली तर पारखून कशी घ्यायची?

या सिनेमांची सगळी ऐट अंधार, ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) आणि आवाज यांत असते, आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, कमी पडला की पहिला बळी याच तिघांचा जातो. झगझगीत उजेडातल्या सुपरहिरोपटाचं स्ट्रीमिंगवर फारसं बिघडत नाही. रात्रीच्या रस्त्यावर, दोन-चार दिव्यांत उरकलेल्या खूनपटाचं मात्र निम्मं चित्र चिखलात जातं.

ही ऐट मुळात पैशाच्या चणचणीतून आलेली असते. सेट उभारणं परवडत नाही, म्हणून टेबलावर एक दिवा आणि बाकी खोली काळी. दरोडा चित्रित करायला पैसे नाहीत, म्हणून दरोड्याआधीची बडबड आणि नंतरची पळापळ. घटनांचा क्रम उलटापालटा करायला तर दमडीही लागत नाही, ते काम एडिटिंगच्या टेबलावर होतं. क्रिस्टोफर नोलनचा 'फॉलोइंग' (१९९८) सुमारे ६००० डॉलरमध्ये, १६ मिमीच्या कृष्णधवल फिल्मवर झाला. सगळ्यांच्या नोकऱ्या, म्हणून शूटिंग शनिवारी आणि बऱ्याचदा मिळेल त्या उजेडात. कच्ची फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर आणि टेक एक किंवा दोन. पडद्यावर जो घाईचा, चोरटा भाव दिसतो त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

पण 'इंडी म्हणजे खरखरीत चित्र' हे समीकरण धरून बसू नका. 'रिझरव्हॉयर डॉग्ज' (१९९२) ५० एएसएच्या (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचं माप) मंद फिल्मवर चित्रित झाला. अशा फिल्मला प्रकाश भरमसाठ लागतो, मोबदल्यात ग्रेन बारीक आणि रंग घट्ट येतात. त्या सिनेमाच्या डिस्कवर पांढरे शर्ट आणि रक्त लख्ख दिसायला हवं, आणि 'फॉलोइंग'च्या डिस्कवर ग्रेन वळवळताना दिसायला हवा. सिनेमा कशावर चित्रित झाला हे माहीत नसेल तर डिस्क चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही.

दुसरं असं की या सिनेमांचं आणि घरच्या व्हिडिओचं नातं उपरं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॅसेटच्या कंपन्यांना कपाटं भरायला माल हवा होता, आणि क्राइम फिल्म खपवायला मोठा स्टार लागत नाही. कव्हरवर बंदूक, हॅट आणि अर्धा चेहरा सावलीत असला की काम भागतं. 'रिझरव्हॉयर डॉग्ज'मागचा पैसा लाइव्ह एंटरटेनमेंट या व्हिडिओ कंपनीचाच. 'एल मारियाची' (१९९२) साधारण ७००० डॉलरमध्ये केला तो स्पॅनिश व्हिडिओ बाजार डोळ्यासमोर ठेवून. कोलंबिया पिक्चर्स या स्टुडिओने तो उचलला ते नंतर. 'रेड रॉक वेस्ट' तर अमेरिकेत केबल आणि व्हिडिओवर आधी आला आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक्सी थिएटरने लावल्यावर मोठ्या पडद्यावर चालला. त्यामुळे असा सिनेमा घरी पाहणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं, असं मी तरी मानत नाही.

शिवाय हे सिनेमे दुसऱ्यांदा पाहण्यासाठीच रचलेले असतात. पहिल्या वेळी आपण कोण कोणाला फसवतंय याच्या मागे धावतो. दुसऱ्या वेळी दिसतं की फसवणूक चौथ्या मिनिटालाच चौकटीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती. नोलनच्याच 'मेमेंटो'च्या दोन डिस्कच्या डीव्हीडी आवृत्तीत सगळा सिनेमा सरळ कालक्रमाने दाखवणारी आवृत्ती मेनूत दडवून ठेवली होती. 'फॉलोइंग'च्या क्रायटेरियन या कंपनीच्या डिस्कवरही सरळ क्रमाची आवृत्ती आहे. ती पहिल्यांदा कधीच लावू नका. मूळ रचनेत दोनदा पाहून झाला की मग लावा, तेव्हा कळतं की क्रम सरळ केल्यावर रहस्य गळून पडतं आणि उरते ती एक साधी, बरीच दुःखद गोष्ट.

आता ग्रेनबद्दल, कारण खरी मेख इथे आहे. व्हिडिओ दाबताना कोडेक (व्हिडिओ लहान करणारी प्रणाली) मागच्या चौकटीवरून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधतो आणि फक्त फरक साठवतो. ग्रेन प्रत्येक चौकटीत नव्याने, कसाही पसरलेला असतो, त्यामुळे अंदाज बांधायला काही उरतच नाही आणि बिट भराभर खर्च होतात. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो, चांगल्या डिस्क सरासरी २५ ते ३५ वापरतात. १०८०पी (फुल एचडी) स्ट्रीम बहुधा ४ ते ८ च्या घरात. तेवढ्यात ग्रेन मावत नाही, मग तो चौकोनी ठोकळ्यांत बदलतो किंवा आधीच पुसून टाकला जातो. एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये ग्रेन काढून घेऊन तुमच्या टीव्हीवर पुन्हा कृत्रिमपणे शिंपडायची सोय आहे. युक्ती हुशारीची आहे, पण तो ग्रेन त्या फिल्मचा नव्हे.

अंधाराचं गणित आणखी कडक. ८ बिट व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, म्हणजे मधल्या पायऱ्या २१९. सिग्नलच्या तळच्या वीस टक्क्यांच्या वाट्याला त्यातल्या जेमतेम ४४ येतात, आणि निम्मा क्राइम सिनेमा त्या ४४ पायऱ्यांवर उभा असतो. कोडेक काटकसर करतो ती नेमकी तिथेच, कारण अंधारात माणसाला कमी दिसतं असं त्याचं गृहीतक असतं. परिणाम पाहायचा असेल तर काळ्या पार्श्वभूमीवरचा सिगारेटचा धूर असलेला शॉट शोधा आणि चौकट थांबवा. चांगल्या डिस्कवर धूर विरत विरत नाहीसा होतो. वाईट स्ट्रीमवर किंवा गचाळ डिस्कवर त्याला नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे पडतात. नवी डिस्क आणली की मी पहिला धूर तपासतो, मग रस्त्यावरच्या दिव्याभोवतीचं वलय, मग अर्ध्या उजेडातला चेहरा.

चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसला तर ग्रेन घासून काढलेला आहे. हॅटच्या कडेला किंवा विजेच्या तारेला पांढरी किनार दिसली तर चित्र कृत्रिमपणे धारदार केलंय. काळा कोट मागच्या भिंतीत विरघळून फक्त तोंड तरंगत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी आपली जोडणी बघा. प्लेअर ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ समजतोय, असं झालं की तळचा सगळा तपशील बुडतो. उलट झालं तर काळा राखाडी दिसतो. दोन्हीकडे सेटिंग एकच ठेवा, शक्यतो 'लिमिटेड' (म्हणजे १६ ते २३५).

टीव्हीचं बाकी काम पाच मिनिटांचं आहे. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने तटस्थ ठरवलेल्या आकड्यावर आणा. नॉइज रिडक्शन टीव्हीत आणि प्लेअरमध्ये, दोन्हीकडे बंद करा, कारण ते ग्रेनलाच कचरा समजतं. रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवा. सुरुवातीला पिवळट वाटेल, दोन सिनेमांत डोळा रुळतो. प्लेअरमधून २४पी आउटपुट चालू करा. खोलीत अंधार करा, पण टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा दिवा राहू द्या, डोळे कमी शिणतात आणि काळा जास्त काळा भासतो. ५५ इंची टीव्हीवर १०८०पी ब्लू-रे पाहायला दोन मीटरच्या आसपास बसा. चार मीटरवरून ग्रेन दिसत नाही, आणि मग हा सगळा खटाटोप कशाला?

आवाजाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. जुने इंडी सिनेमे पुष्कळदा मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे असतात. पुढे कोणीतरी त्याचं ५.१ (सहा चॅनलचं सराउंड) मिश्रण करतं आणि त्या भरात गोळीचे, दाराचे, पावलांचे आवाजही नवे चिकटवतं. गोळीबार दणदणीत होतो, पण संवादांपासून तुटल्यासारखा वाटतो. डिस्कवर मूळ मोनो ट्रॅक असेल तर तोच लावा. फक्त टीव्हीच्या स्पीकरवर ऐकत असाल तर प्लेअरचं आउटपुट 'स्टिरिओ पीसीएम' करा. नाहीतर बऱ्याचदा मधल्या चॅनलचा संवाद दबतो, आणि कुजबुजीवर चालणाऱ्या सिनेमात दबलेला संवाद म्हणजे गेलेला सिनेमा.

आवृत्ती निवडताना आधी लांबी बघा. 'ब्लड सिंपल' (१९८४) चं उदाहरण घ्या. दिग्दर्शकांनी पुढे काढलेली आवृत्ती मूळ सिनेमापेक्षा दोन-तीन मिनिटांनी छोटी आहे, म्हणजे 'डायरेक्टर्स कट' म्हटलं की लांबी वाढते असं नाही. त्याच सिनेमाच्या एका जुन्या व्हिडिओ आवृत्तीत हक्कांच्या भानगडीमुळे गाणं बदललेलं होतं. कमी बजेटच्या सिनेमात गाण्यांचे हक्क पुष्कळदा फक्त थिएटरपुरते घेतलेले असतात, आणि व्हिडिओची वेळ आली की नवा पैसा मागितला जातो. एखादा सिनेमा वर्षानुवर्षं डिस्कवर येत नाही त्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं. जाता जाता, 'ब्लड सिंपल'च्या डीव्हीडीवरची कॉमेंटरी एका काल्पनिक तज्ज्ञाची आहे आणि त्यातली माहिती धादांत खोटी आहे. माहितीसाठी ऐकू नका, करमणुकीसाठी जरूर ऐका.

लांबीबाबत एक फसगत नेहमीची. पाल (युरोप-भारतातल्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवतात, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. ती कात्री नव्हे. आवाज मात्र किंचित चढा होतो, आणि संगीतावर झुलणाऱ्या सिनेमात ते कानाला खटकतं. ब्लू-रेवर ही कटकट सहसा नसते.

मग चौकटीचं प्रमाण. २.३५ रुंदीचा सिनेमा जुन्या ४:३ डिस्कवर कापून बसवला की चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग जातो. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसलेली असतील तर एक माणूसच गायब. डब्याच्या पाठीवर 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के स्कॅन' असं लिहिलं असेल तर शुभ लक्षण (४के म्हणजे १०८०पीच्या साधारण चौपट ठिपके). नुसतं 'रीमास्टर्ड' या शब्दाला काही किंमत नाही. ज्यांचे हक्क संपलेत अशा जुन्या सिनेमांबाबत तर फारच सावध राहा. 'डिटूर' (१९४५) कित्येक दशकं झिजलेल्या प्रतींवरून काढलेल्या स्वस्त डिस्कवर फिरत होता. नीट दुरुस्त केलेली ४के प्रत २०१८ मध्ये तयार झाली, पण ओरखड्यांनी भरलेल्या जुन्या डिस्क आजही तितक्याच ठसठशीत कव्हरमध्ये विकल्या जातात.

डिस्क उलटी करून बघा. खालची बाजू चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली, जांभळट असेल तर मागणीनुसार बर्न केलेली डीव्हीडी. बर्न केलेली चालते, पण काही प्लेअर तिला नाकं मुरडतात आणि उन्हा-उष्णतेत तिचा थर लवकर खराब होतो. विभागाचा (रीजन) कोडही तपासा. ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन विभाग आहेत आणि साधा प्लेअर दुसऱ्या विभागाची लॉक केलेली डिस्क वाचतच नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना विभागाचं कुलूप नसतं, मात्र त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं.

राहिला प्रश्न ४के डिस्क घ्यायची का. ३५ मिमीवरचा, रात्रीचे प्रसंग भरपूर असलेला सिनेमा असेल तर होय, आणि तेही रेझोल्यूशनपेक्षा १० बिटसाठी, कारण अंधारातल्या पायऱ्या चौपट होतात आणि धुराचे पट्टे जवळजवळ संपतात. १६ मिमीच्या निगेटिव्हमध्ये साधारण २के (म्हणजे ब्लू-रेच्या जवळपास) इतकाच तपशील असतो, तिथे चांगला ब्लू-रे पुरतो. अशा सिनेमाच्या दोन्ही आवृत्त्यांत किमतीचा फरक कमी असेल तरच ४के. आणि सिनेमा दोन हजार सालाच्या आसपास मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यावर चित्रित झालेला असेल, तर मूळ चित्रच ७२० बाय ४८० किंवा ५७६ चं आहे. त्याचा ब्लू-रे घेतलात तर फायदा झालाच तर कॉम्प्रेशनचा आणि आवाजाचा होईल. जुनी डीव्हीडी धड असेल तर तीच ठेवा.